घरची लाईट फिटिंग, अर्थिंग आणि खर्च : गावाकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स करून गेली बावीस वर्षं मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये घरांची फिटिंग करतो. कापसाचे पैसे आले की नव्या घरांची कामं निघतात, मार्च लागला की कूलरचे फोन सुरू होतात आणि पहिला पाऊस पडला की "भिंतीतून करंट येते" म्हणून निरोप येतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. एक गोष्ट मला फार खटकते. लोक झुंबरावर, रंगीत बोर्डावर, पीओपीमधल्या लाईटवर हजारो रुपये घालतात आणि जमिनीत गाडायच्या अर्थिंगच्या पाईपाला पैसे नाहीत म्हणतात. खालची बरीच उत्तरं फिरून त्याच पाईपापाशी येतील.

गावात चांगला इलेक्ट्रिशियन कसा शोधायचा?

ज्याच्या घराचं काम होऊन दोन-तीन पावसाळे गेले आहेत, अशा माणसाला विचारा. फिटिंग झाल्याच्या दिवशी सगळ्यांचंच काम चांगलं दिसतं. काम कसं झालं ते दुसऱ्या पावसाळ्यात भिंत ओली झाली की कळतं. तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानातही नावं मिळतात. पण दुकानदाराने सुचवलेला माणूस त्याच दुकानातून माल घ्यायला लावतो, हे धरून चाला. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण भाव दुसरीकडे विचारलेला बरा.

मग त्याचं शिक्षण विचारा. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे दोन-दोन वर्षांचे कोर्स असतात. त्याशिवाय शासनाचा तारतंत्री परवाना आणि विद्युत कंत्राटदाराचा परवाना असतो. गावात कित्येक जण दुसऱ्याच्या हाताखाली शिकून तयार झालेले असतात आणि त्यातल्या काहींचा हात खरंच चांगला असतो. पण पूर्ण घराची फिटिंग असेल तर परवाना असलेला माणूस किंवा त्याची देखरेख हवीच. नव्या कनेक्शनला लागणारा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदाराच्याच सहीचा चालतो.

काम देण्याआधी मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. बटन फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) टाकणार की न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर)? अर्थिंगचा खड्डा कुठे करणार? आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) किती मिलिअँपिअरची लावणार? पहिल्याचं उत्तर "फेजवर", दुसऱ्याचं उत्तर अंगणातली एखादी नेमकी जागा आणि तिसऱ्याचं "तीस". यापैकी एखाद्या प्रश्नावर "त्याची काय गरज भाऊ" असं ऐकू आलं, तर दुसरा माणूस बघा.

लाईनमनलाच घरचं काम सांगितलं तर?

खांबापासून मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, मीटरनंतरचं तुमचं. लाईनमन, म्हणजे आता ज्याला जनमित्र म्हणतात, त्याच्याकडे पाच-सात गावं असतात आणि वादळाच्या रात्री तो खांबावर असतो. घराच्या फिटिंगसाठी त्याला अडवू नका. उलट मीटरचं सील, सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड यांना तुमच्या खाजगी माणसाने हात लावायचा नाही. त्यासाठी १९१२ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

मजुरी कशी ठरते? किती द्यायची?

दोन पद्धती आहेत, रोजीने किंवा पॉइंटवर. छोटी दुरुस्ती असेल तर रोजी, पूर्ण घर असेल तर पॉइंट. एक लाईट, एक पंखा, एक प्लग असा प्रत्येकी एक पॉइंट मोजतात. आमच्या भागात सध्या रोजी साधारण ७०० ते १,००० रुपये आहे आणि पॉइंटची नुसती मजुरी १५० ते ३०० रुपये. भिंत फोडून आत पाईप टाकायचे असतील तर वरचा दर, पट्टी फिटिंग असेल तर खालचा. तीन खोल्यांच्या घरात पंचवीस-तीस पॉइंट होतात. चांगला माल धरून एकूण खर्च २५ ते ४० हजारांत बसतो. तांब्याचा भाव वरखाली होतो तसा वायरच्या बंडलाचा भाव बदलतो. म्हणून सहा महिन्यांपूर्वी शेजाऱ्याने काय दिले, त्यावर भांडू नका.

एका कागदावर एवढं लिहून घ्या : पॉइंट किती, दर काय, माल कोण आणणार, कोणत्या कंपनीची वायर, बोर्ड फोडणं आणि भिंत बुजवणं कोणाकडे. भिंत बुजवण्यावरून जेवढे वाद मी पाहिले, तेवढे पैशावरून पाहिले नाहीत. आगाऊ रक्कम एक तृतीयांशाच्या वर देऊ नका. आणि मालाचं पक्कं बिल घ्याच, कारण नकली वायर निघाली तर तेवढा एकच पुरावा असतो.

वायर कोणती घ्यायची? सगळ्या सारख्याच दिसतात.

तांब्याची, आयएसआय मार्क असलेली. बंडल ९० मीटरचं असतं. स्वस्त बंडलात लांबीही कमी भरते आणि तारही बारीक निघते. लाईट-पंख्याला एक किंवा दीड चौरस मिलिमीटर, फ्रिज-इस्त्री-मिक्सरच्या प्लगला अडीच, गीझर किंवा एसीला चार. रंग पाळा : फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा. पुढे दहा वर्षांनी कोणी बोर्ड उघडेल तेव्हा त्याचा जीव या रंगांच्या भरवशावर असतो. हिरवी वायर उरली म्हणून ती फेजला वापरलेली मी दोनदा पाहिली आहे.

वायरच्या जाडीप्रमाणेच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असते. अडीचच्या वायरला १६ अँपिअरची पुरे. ती वारंवार पडते म्हणून कोणी ३२ ची बसवून दिली, तर आता एमसीबी पडणार नाही. भिंतीतली वायर तापेल, हे लक्षात असू द्या. जुन्या कटआऊटमध्ये फ्यूज तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळणं हाही तोच प्रकार.

अर्थिंग म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे तर वर्षानुवर्षं नाही आणि काही झालं नाही.

फ्रिज, कूलर, मोटार यांच्या लोखंडी अंगावर बिघाडामुळे वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला तुमच्या शरीरापेक्षा सोपा रस्ता करून देणं म्हणजे अर्थिंग. साधारण अडीच मीटरचा जीआय पाईप जमिनीत उभा गाडतात, भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि तिथून जाड तार बोर्डापर्यंत आणतात. खड्ड्यासकट खर्च ३ ते ६ हजार.

आपल्या काळ्या जमिनीत एक जास्तीची अडचण आहे. वावरात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या अर्थिंगच्या पाईपाभोवतीही पडतात. माती सुकून पाईपापासून सुटते आणि सुकी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणजे ज्या एप्रिल-मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो, नेमकं तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. त्यासाठी पाईपाच्या वरच्या तोंडातून होळीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एक-दोन बकेट पाणी टाका. खड्ड्यावर फरशी घालून तोंड बुजवून टाकलेलं असेल तर ते मोकळं करा. न्हाणीचं पाणी जिथून वाहतं तिथे खड्डा घेतला तर ओल आपोआप टिकते. मी नव्या घरांत जागा तशीच निवडतो.

अर्थिंग चालू आहे का, हे तपासायला इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून बघतो. भरपूर पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग गेलेलं. आरसीसीबी असेल तर ती लगेच पडते, म्हणून ही तपासणी तिच्या आधीच्या बाजूला आणि सगळे प्लग काढून करायची. पक्कं मोजायचं तर अर्थ टेस्टर लागतो. घरच्यांनी हे करून पाहू नये.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या तारेवर बल्ब लावून रात्र काढायची सवय कित्येक घरांत आहे. त्या रात्री तुमच्या आणि कधी कधी शेजाऱ्याच्याही फ्रिजच्या दांडीवर करंट उतरू शकतो. तसंच प्लगच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडून "अर्थिंग केलं" म्हणणारे फिटिंगवाले आहेत. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या जोडामुळे प्रत्येक लोखंडी वस्तू थेट जिवंत होते.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. "थोडाफार तर येतोच" असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. झिणझिणी येते म्हणजे बिघाड झाला आहे. तुमचा पाय कोरडा होता म्हणून फक्त झिणझिणी आली.

चंद्रपूर, वर्धा, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलरशिवाय झोप नाही, हे मला कळतं. पण आपल्याकडच्या कूलरसारखी दुसरी धोक्याची वस्तू घरात नसते. पत्र्याचं अंग, लोखंडी स्टँड, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि बाहेर ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस. त्यात कारागिराने दोन तारांची वायर आणि दोन पिनचा प्लग लावून दिलेला. अर्थिंग भिंतीत असलं तरी कूलरपर्यंत पोहोचतच नाही.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मे महिना, संध्याकाळ. मायने अंगणात सडा टाकला, पाय ओलेच होते, आणि बकेट घेऊन कूलर भरायला गेली. कूलर चालूच होता. कूलरची गवताची ताटी वर सरकवायला तिने डावा हात पत्र्याला लावला आणि बकेटसकट मागे फेकली गेली. मी ओसरीत जेवत होतो. मी धावलो तेव्हा ती खाटेच्या पायाशी पडली होती, बोटं आखडलेली, तोंडातून शब्द नाही. ती वाचली ते फेकली गेली म्हणून. पत्र्याला चिकटली असती तर वाचली नसती. त्या कूलरला दोन पिनचा प्लग होता. लोकांच्या घरी तीन पिन लावून देणारा मी, घरच्या कूलरला "उद्या बदलतो" म्हणत दोन उन्हाळे काढले होते. त्या रात्री बदलला.

करायचं ते एवढंच. तीन तारांची वायर आणि तीन पिनचा प्लग. हिरवी तार कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून, लग लावून नट-बोल्टने घट्ट करा. पाणी भरताना, ताट्या बदलताना, पंपात केर अडकला म्हणून हात घालताना प्लगच काढा. बटन बंद करून भागत नाही, कारण बटन चुकून न्यूट्रलवर असेल तर कूलर बंद होतो पण करंट आत तसाच राहतो. प्लॅस्टिकचा कूलर असला तरी पाण्यात करंट उतरतोच. खिडकीबाहेर कूलर असेल तर गल्लीतली पोरं आणि जनावरं त्याला लागतात, त्यांचाही विचार करा.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरला वाचवते. आरसीसीबी माणसाला वाचवते. एमसीबीला १६ अँपिअर होईपर्यंत काही वाटत नाही. माणसाचं काळीज मात्र ५०-१०० मिलिअँपिअरमध्ये बंद पडू शकतं. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, यावरून अंदाज करा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट मोजत असते. त्यात तेवढा फरक दिसला की क्षणात लाईन तोडते. दोन पोलची, ४० अँपिअरची चांगल्या कंपनीची दीड ते अडीच हजारांत मिळते. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचीही मिळते. ती आगीपासून बचावासाठी असते, तीच माणसासाठी म्हणून विकली तर घेऊ नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र आरसीसीबीलाही कळत नाही. तिच्यावर "टी" लिहिलेलं बटन असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदला.

बसवल्यापासून ती सारखी पडते. काढून टाकू का?

सगळे प्लग काढा, आरसीसीबी चढवा आणि एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडली तिच्यात गळती आहे, बहुतेक वेळा ती कूलरचा पंप किंवा पाण्याची मोटार असते. सगळे प्लग काढूनही पडली तर भिंतीत ओल गेली आहे, उंदराने वायर कुरतडली आहे किंवा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलशी मिसळला आहे. ते इलेक्ट्रिशियनचं काम. काढून टाकली तर गळती तशीच राहील, फक्त कळणार नाही.

कापूस घरात ठेवतो. काही काळजी?

फार. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आपली एक खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असते. बोर्ड, प्लग, होल्डर त्या ढिगाखाली बुडतात. सैल जोडातून ठिणगी पडायला एक क्षण पुरतो. त्या खोलीची लाईन वेगळ्या एमसीबीवर घ्या आणि कापूस भरला की ती एमसीबी पाडून ठेवा. आत जायला बॅटरी वापरा. कुटाराच्या आणि पऱ्हाटीच्या ढिगावरून सर्व्हिस वायर लोंबकळत असेल तर ढीग हलवा.

अंगणातल्या कपड्यांच्या तारेत करंट कसा येतो?

टिनाच्या कडेला सर्व्हिस वायर घासून उघडी पडते, टिनात करंट उतरतो आणि टिनाच्या अँगलला बांधलेली तार जिवंत होते. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधा. लोखंडी तार आजच काढा. बैल, गाय, बकरी खांबाला किंवा खांबाच्या ताणतारेला बांधू नका, पावसात तर अजिबातच नाही.

डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला. लाईनमन येईपर्यंत ओलित थांबतं. स्वतः टाकला तर?

टाकू नका. एक लाईन बंद दिसली तरी वरची ११ हजार व्होल्टची चालूच असते आणि रात्री ओल्या चिखलात टॉर्च तोंडात धरून हे काम करणाऱ्यांची नावं दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. स्टार्टरच्या लोखंडी डब्याला मात्र अर्थिंग करून घ्या. मोटारीचा ऑटो स्विच चालू असताना विहिरीत उतरू नका, लाईन कधीही येते आणि मोटार आपोआप सुरू होते.

रानडुकरं पीक ठेवत नाहीत. कुंपणाच्या तारेत करंट सोडला तर?

याचं उत्तर मला कितीही कठोर वाटलं तरी एकच आहे : सोडू नका. ज्याने रात्रभर जागून सोयाबीन वाढवलं त्याचा राग खरा आहे. पण त्या तारेने डुक्कर मरायच्या आधी पहाटे वावरात येणारा मजूर, शेजारचं पोर किंवा स्वतः शेतकरीच मेल्याच्या घटना आपल्या जिल्ह्यांत घडतात. वाघही मेले आहेत. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि आकडा टाकलेला असेल तर वीज कायदा २००३ चं कलम १३५, असं सगळं एकदम अंगावर येतं. बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर चालणारी झटका मशीन वेगळी. ती क्षणभराचा झटका थांबून थांबून देते, त्यामुळे जनावर पळतं, मरत नाही. मशीन आयएसआय मार्कची घ्या, आणि तिच्या तारेला घरची लाईन कधीच जोडू नका.

कोणाला शॉक लागला तर आधी काय करायचं?

हात लावू नका. मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्या माणसाला सोडवा. तारा डीपीच्या किंवा ११ हजारांच्या असतील तर जवळही जाऊ नका, लाईन बंद होईपर्यंत थांबा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. माणसाला मातीत पुरायचं नाही. माती करंट ओढून घेते हा समज खोटा आहे, कारण तार सुटली की अंगात करंट उरतच नाही. खड्डा खणण्यात जाणारी दहा मिनिटं म्हणजे त्याचा जीव. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन काळजाची पट्टी (ईसीजी) काढा.

वीज कडकडत असताना काय बंद करायचं?

टीव्ही, फ्रिज, सेट टॉप बॉक्स यांचे प्लग आणि डिशची वायरसुद्धा काढा. वीज कोसळली तर एमसीबी काही वाचवू शकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. वावरात जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावं.

बिल एकदम वाढलं. मीटर खराब आहे का?

आधी हिशेब करा. १,००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. २०० वॅटचा कूलर बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तिशीतला. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटवर बदलतात. त्यामुळे उन्हाळ्यात टप्पा ओलांडला की बिल युनिटच्या मानाने जास्त फुगतं. हिशेब जुळत नसेल तर मेन स्विच पाडा आणि मीटरचा दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. मेन चालू ठेवून, घरातली सगळी बटनं आणि प्लग बंद असताना लुकलुकला तर गळती तुमच्या फिटिंगमध्ये आहे.

हातात पाच-सहा हजारच आहेत. काय आधी करू?

पहिले दीड-दोन हजार आरसीसीबीला. तीन-साडेतीन हजार अर्थिंगला. खड्डा घरच्यांनी खणला तर त्यातूनही वाचतात. उरलेल्यात कूलर आणि पाण्याच्या मोटारीला तीन तारांची वायर आणि तीन पिनचे प्लग. जुनी वायरिंग, फुटका बोर्ड, काळी पडलेली बटनं पुढच्या हंगामाला बदलता येतील. काम मार्चच्या आत करून घ्या. एप्रिलमध्ये आम्हा कोणालाच वेळ नसतो, आणि तोवर तुमच्या घरी कूलर लागलेला असतो.